घाण्याखालची फरशी

धरणगावात समुद्र येतो
रात्री अकरानंतर, नेट मोकळं झाल्यावर,
तुकड्यातुकड्यांनी,
करडा, खारा वास नसलेला.
त्यात मी काळं शोधते.

उपग्रहावरचं रडार हाक मारतं.
पाणी खडबडीत असलं की ओ देतं.
तेलाची साय पसरली
की लाटा गुळगुळीत होतात,
ओ येत नाही.
कंपनी मला पगार देते
ती न आलेली ओ मोजण्याचा.

बहुतेक काळं खोटं निघतं.
पडलेला वारा, शेवाळ,
किंवा एखाद्या जहाजाने चोरून धुतलेलं पोट;
ती रेघ सरळ असते, पळपुटी.

बापू मागे येऊन उभे राहतात.
एकेचाळीस वर्षं घाणा चालवला. तीळ, करडई,
शेवटी शेवटी नुसता शेंगदाणा.
समुद्र पाहिलेला नाही.
"तठे वारा व्हता का?"
मी चपापते. हे विचारायला
माझ्या साहेबांना तीन महिने लागले होते.
होता, बापू. बेताचा, पण होता.
"मंग ते तेलच शे,"
आणि झोपायला जातात.

मी मार्चची पट्टी उघडते, मग नोव्हेंबरची,
मग त्याआधीचा मार्च.
प्रवाहाने शेपूट दर वेळी वेगळीकडे वळवलेली,
पण उगम तोच.
खालून कुणी
बोट लावून ठेवल्यासारखा.

आमचा घाणा विकून एकोणीस वर्षं झाली.
बैल गेला, लाट गेली
(घाण्याची लाट; दुसरी आम्हाला कुठली?).
शेडमध्ये आता कूलर, सायकली, फवारणीचा पंप.
तरी मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास
मधली फरशी पाझरते.
मुंग्या येतात.
आई राख टाकते, घासते, शिव्या घालते.
पुढच्या मेमध्ये परत.

अहवालात लिहिलं:
नैसर्गिक पाझर असावा. खात्री मध्यम.
खाली किती, सांगता येत नाही.
तिसरं वाक्य दोनदा खोडलं,
मग राहू दिलं.

सकाळी चहा देताना बापूंना म्हटलं,
तेलच दिसतंय.
त्यांनी बशी कलती करून
साय एका कडेला नेली.
"कितलं?"
माहीत नाही.
बराच वेळ फुंकर घालत राहिले.
"आनि ढेप?"