वळता कामा नये

कायतानबाबची गाडी चतुर्थीच्या आधी आली,
टो करून, हळदोण्याहून डिचोलीपर्यंत.
मागच्या सीटवर खोका:
लेकीने टोरांटोहून धाडलेला रोलर कॅम,
तेलकट कागदात, न्हाऊ घातलेल्या पोरासारखा गुंडाळलेला.
"बसव," म्हणाला, "नोव्हेंबरात चार लग्नं घेतलीयत."
लग्नं दुसऱ्यांची. गाडी याची.

जुना कॅम ओढून काढला.
तिसऱ्या सिलिंडरचा उंचवटा
चोखून टाकलेल्या मानकुरादच्या बाठीसारखा.
हल्लीच्या तेलात ते जस्त नसतं
जे जुन्यांना घासत जगायला लागायचं.

ब्लॉक अठ्ठावन्न सालचा.
मुरगावात बोटीतून उतरला तेव्हा
धक्क्यावरच्या पाट्या वेगळ्या भाषेत होत्या.
नव्या ब्लॉकात कॅमच्या नाकाशी एक पट्टी बसते,
दोन बोल्ट, आणि दांडा जागचा हलत नाही.
इथे बोल्टांना भोकंच नाहीत.
ज्यांनी हे बीड ओतलं
त्यांना असा पाहुणा येईल हे कुठून कळावं!

जुन्याचे उंचवटे किंचित उतरते असत,
त्या उतारानेच तो मागे रेलून राहायचा.
नव्याचे सपाट. हा कुठेही जाईल.
मग पुढच्या टोकाला बटण,
बटणाला झाकणाचा आधार,
मधे फट पाच थाऊ, फार तर दहा.
मोजायला रोयदासने पोरीच्या दप्तरातली
हिरवी चिकणमाती आणली.
झाकण लावलं, काढलं,
दबलेली माती ब्लेडने कापून पाहिली.
पुन्हा लावलं.
पुन्हा काढलं.
खाण चालू होती तेव्हा हा रोयदास
दिवसाला सहा खेपा मारायचा.
आता एका फटीपाशी दुपार जाते
आणि तो कंटाळत नाही.

आता टॅपेटचं.
जुना टॅपेट घासता घासता
आपल्या भोकात हळूच गिरकी घेतो.
कुणी शिकवत नाही त्याला.
गिरकी थांबली की आठ दिवसांत खड्डा.
रोलरचं उलट.
त्याच्या पायाला चाक, आणि चाक धावतं सरळ.
हा जरा वळला
की चाक आडवं पडतं, दांडा सोलला जातो.
म्हणून दोघादोघांना पट्टीने जोडायचं,
शाळेच्या वाटेवर थोरलीने
धाकट्याचं मनगट धरावं तसं.
रोयदास म्हणाला,
"घरी दोन जावा आहेत आमच्या. अशी पट्टी मिळेल?"

पुशरॉड आखूड लागले.
डिस्ट्रिब्यूटरला ब्राँझची गिअर घातली,
ती झिजणार, झिजायलाच घातलीय,
नाहीतर पोलाद बिडाला खाऊन टाकतं
आणि चुरा तेलातून सगळीकडे.
कायतानबाबला हे सांगितलं.
तो म्हणाला, "म्हणजे एकाने मरायचंच."
मी म्हटलं, "तीनेक वर्षांनी. स्वस्त आहे."

गुरुवारी सेल मारला.
दुसऱ्या झटक्याला घेतलं तिने.
कायतानबाब बॉनेटवर वाकला, कानामागे हात.
"बंद पडली?"
"चालू आहे."
"मग ती टिकटिक?"
टिकटिक नव्हती.
साठाहून जास्त वर्षं बॉनेटखाली
शिवणयंत्र चालल्यासारखं काहीतरी होतं, ते गेलं.
उरला नुसता धूर आणि एक जाड घुमणं.
त्याने पैसे मोजून दिले, पन्नास जास्तच,
जुना कॅम नको म्हणाला,
दारापर्यंत गेला आणि परत येऊन घेऊन गेला.

रविवारी फोन.
गाडी झक्क. चढावर तिसरा गिअर पुरतो.
फक्त तिग्र,
अकरा वर्षांचा, अर्धा आंधळा,
कपेलाच्या वळणावरूनच गाडी ओळखून
फाटकाशी शेपूट हलवत यायचा,
तो आता भुंकतो. धन्याला आत येऊ देत नाही.
म्हटलं, चार दिवस जाऊ देत.
बटणाची फट मात्र हजार किलोमीटरनंतर
पुन्हा मोजायची, विसरू नका.
"ते आणतो मी," तो म्हणाला,
"पण कुत्र्याला काय सांगू?"