सहा कान

मार्चमध्ये सोपान ढवळेंचे पुढचे चार दात गेले.
कवळी बसली, फुंक बसेना.
एकवीस तारखेला कोथरूडला कार्यक्रम,
अकरा गाण्यांत बासरी,
आणि हेमलताबाई म्हणाल्या, तुझ्या गिटारला लाव ना ते मिडीचं यंत्र,
त्यातून म्हणे काहीही वाजतं.

काहीही वाजतं, हे खरं निघालं.

तपकीर गल्लीत अझीमने सहा कानांची पट्टी दिली,
तारेगणिक एक कान.
जुनी आहे पण ऐकते नीट, म्हणाला,
एखाद्याच्या सासऱ्याबद्दल सांगावं तसं.
ती ब्रिजपाशी बसवली, तारांच्या पोटाखाली,
मध्ये फट एक मिलिमीटर:
लाइटबिलाच्या घड्या घालून सरकवून पाहिलं,
अडेल इतपत, फाटणार नाही इतपत.

धायरीच्या दोन खोल्या, रात्रीचे साडेदहा,
हेडफोन लावून मी एक सूर छेडतो
आणि बासरी तीन देते.
एक मी वाजवलेला.
एक, तिथवर जाताना बोट घासलं, तो.
एक कुणाचाच नाही.
इतकी वर्षं लोकांचे कान माझं किती सोसत आले
हे मला पन्नाशीत एका पट्टीनं सांगितलं.

जाडी तार उशिरा बोलते.
तिचा दोष नाही, ती सावकाश हलते,
एक हेलकावा पुरा व्हायला बारा मिलिसेकंद,
आणि यंत्राला दोन-तीन तरी बघायचे असतात
नाव घेण्याआधी.
आमच्या बँकेत सह्या जुळवणारे टिळेकर असेच,
समोरचा माणूस ओळखीचा असला तरी.
म्हणून खालचं सगळं मी पातळ तारांवर नेलं,
यंत्राला सांगितलं, एक सप्तक उतरव.
ही लबाडी खपली.

मींड मात्र पायऱ्या मोजत उतरायची,
गुडघे धरून, कठड्याला हात लावत.
पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आकडा एक केला,
इकडे बारा, तिकडे बारा,
तेव्हा कुठे घसरली.
नव्या तारा. कडक पिक.
दुसऱ्या तारेचा कान जरा बहिरा केला, पाचवीचा तिखट.
तरी ते तिसरं भूत
दर ओळीच्या शेवटी हजर.

रविवारी ढवळे आले, खडकीहून, दोन बस बदलून.
दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस,
कुठलीच वस्तू आपटून ठेवत नाही.
कवळी रुमालात, रुमाल खिशात,
हेडफोनची एकच बाजू कानाला.
मुखडा ऐकला, दोन्ही अंतरे ऐकले. चहा निवला.
मग म्हणाले, "श्वाश कुठं घेतोश?"

मी म्हटलं, गिटारला श्वास लागत नाही.

"आणि बाशरीला?"

पुन्हा पहिल्यापासून.
ओळ संपली की ते माझा दंड दाबायचे,
मी तळहाताची कड तारांवर टेकवायचो,
सगळं गप्प,
फ्रिजची घरघर तेवढी,
ते नाकानं हवा ओढायचे, छाती भरेपर्यंत,
मग दंड सुटायचा.

भूत आलं नाही.
दुसऱ्या अंतऱ्यालाही नाही.
यंत्राला एवढंच हवं होतं बहुतेक,
आधीची तार निजली की नाही याची खात्री,
आणि मी महिनाभर स्क्रू पिळत होतो.

ढवळेंनी गार चहा एका घोटात संपवला.
पाठ करून कवळी बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला,
आणि प्रत्येक स जागच्या जागी ठेवत विचारलं,
साडेसातची बस सापडेल का?