डिसेंबरातला बेंदूर

नाताळात पाचगणीचं बोर्डिंग ओस पडायचं.
उरायचो आम्ही सहाजण,
ज्यांना न्यायला कुणी येणार नाही असे.
माझी आई धोमच्या धरणावर पाट्या टाकत होती.
तिच्या पालात चूल, ती, आणि माझी धाकटी बहीण.
चौथं काही मावत नव्हतं.

त्या वर्षी फादर ऑर्लंड म्हणाले,
फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या मोठमोठ्या देवळांत
अठ्ठावीस डिसेंबरला एका पोराला बिशप करायचे.
हेरोदानं तान्ही बाळं कापली,
त्या बाळांच्या नावानं एक दिवस पोरांचं राज्य.
मरियेच्या गाण्यात थोरांना खाली उतरवल्याची ओळ आली
की खरा बिशप उठायचा,
पोरगा बसायचा.

चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली.
नथानिएल, इयत्ता चौथी.
घरी नाथा.

टोप पुठ्ठ्याचा, वर चहाच्या पेटीतली चांदी.
झगा म्हणजे वेदीमागचा जुना पडदा,
त्याला मेणाचा वास, थोडा उंदरांचा.
काठी मात्र खरी होती.
टेबललँडवर मेंढरं घेऊन आलेल्या धनगराकडून
दोन पावांवर आणलेली, आकडीची.
‘सांजच्याला परत द्या,’ तो म्हणाला,
‘मेंढरांना काय सण नसतोय.’

सकाळी ब्रदर अल्फोन्सनी आमची ताटं घासली.
स्वयंपाकी पास्कू खुर्चीत बसवल्यावर
सारखा उठून चुलीकडं बघून येत होता.
फ्रान्सिसनं फर्मावलं: पेज बंद, पावाला जाम.
रॉकी सगळ्यांत लहान,
तो म्हणाला, आज रात्री दिवा विझवायचा नाही.
यावर कुणी हसलं नाही.

संध्याकाळी चॅपेलमध्ये
सिल्व्हर ओकांतून वारा आत येत होता.
ती ओळ आली.
फादर उठले. मी बसलो.
पाय जमिनीला टेकेनात.
एकेक जण येऊन वाकू लागला,
पास्कू, माळी, पोरं,
आणि शेवटी ब्रदर अल्फोन्स,
ज्यांची छडी ऑफिसात खिळ्याला टांगलेली असायची,
ज्यांच्या बुटांचा आवाज ओळखून
आम्ही झोपेतसुद्धा सरळ व्हायचो.

ते गुडघ्यांवर बसले.
वरून बघितलं पहिल्यांदाच:
टक्कल, खोबरेल तेल,
कानामागं एक जुनी खोक,
लहानपणी कुणीतरी हाणल्यासारखी.

लॅटिन पाठ करवून घेतलं होतं, ते गेलं.
हात त्या डोक्यावर, शब्द नाही.
मग आई निरोप देताना जे म्हणते
तेच तोंडातून निघालं,
‘शाना हो.’

मागं पोरं खिदळली.
ब्रदरांचे खांदे हलत होते.
हसत होते की काय करत होते,
टोप डोळ्यांवर घसरला, मला दिसलं नाही.

काठी अंधार पडायच्या आत परत गेली.
दिवा रात्रभर होता,
रॉकी मात्र आठलाच झोपला.
पाच जानेवारीला घंटेला उशीर झाला.
हात पुढं कर, म्हणाले.
केला.
नेहमीइतकंच लागलं.

शिमग्याच्या सुमाराला आई आली,
वाईवरून पसरणीचा घाट चढून, पायी,
फडक्यात दोन उकडलेली अंडी.
सगळं सांगितलं तिला, छडीपर्यंत.
‘म्हंजी बेंदूर झाला म्हन की तुजा,’ ती म्हणाली,
‘शिंगं रंगिवली, पुरनपोळी चारली,
दुसऱ्या दिशी मानंवर जू.’
अंडं सोलत बराच वेळ गप्प बसली.
मग म्हणाली,
‘येवढा मोठा मानूस वाकला व्हय रं तुज्याम्होरं?’

आणि डोक्यावरची चुंबळ काढून
तिनं मांडीवर ठेवली,
पदर मागं सारला, मान खाली घातली.
‘ठेव बगू. मलाबी.’

टोप नव्हता, काठी नव्हती,
तारीख तर केव्हाच उलटली होती.
तिच्या केसांत धरणाची माती,
मधोमध चुंबळीनं झिजलेला गोल.
मी हात ठेवला.
शाना हो, हे तिला कसं म्हणायचं?
फाटकाची घंटा झाली
तरी हात तिथंच होता.