बा. ना.

दर्यापूरकडचे लोक हसतात मला.
"वावरात उंदीर मारायचे पैसे, अन् तुले पोसायचा पगार!"
पानठेल्यावरचा सुखदेव रोज विचारतो,
"काय म्हन्तेत तुये जनावरं, जेवले काय?"
जेवले. ज्वारी, भिजवलेला हरभरा,
अंथरायला जिनिंगमधून आणलेला कापूस.
मादी घर करते, हे माहीत होतं.
बापही करतो, हे इथं येऊन पाहिलं:
दातात धरून, धागा धागा सोडवून
पिल्लांवर ओढतो,
आणि मादी पाणी प्यायला गेली की
स्वतःच पसरतो त्यांच्यावर, पाठीची कमान करून.

तिसऱ्या दिवशी कोडापे मॅडम यादी देतात.
वीस पिंजऱ्यांतले दहा.
शेपटीच्या मुळाशी धरायचं, तळहातावर घ्यायचं,
दुसऱ्या खोलीत न्यायचं.
पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर लिहायचं: बा. ना.
म्हणजे बाप नाही.
पहिल्यांदा लिहिताना हात थरथरला, असं म्हणणार नाही.
थंडी होती. मार्कर सुकलेला.
झटकून झटकून लिहिलं.

महिन्याभरानं एकेका पिल्लाला काचेच्या पेटीत सोडतो,
समोर एक अनोळखी उंदीर. दहा मिनिटं.
घड्याळ माझ्याकडे. मॅडम मोजतात
किती वेळा हुंगलं, किती वेळा पाठ फिरवली.
बापाजवळ वाढलेली सरळ जातात, नाकाला नाक,
चावाचावी, लोळालोळी, मग तिथंच झोप.
बा. ना. वाली कोपरा धरतात.
एखादं उगाच अंगावर धावून जातं
आणि लगेच आपल्याच शेपटीत तोंड खुपसून बसतं.
मग रक्ताचा थेंब, बर्फाचा डबा.
पंधरा दिवसांनी अमरावतीहून आकडे येतात:
जिव्हाळ्याचं संप्रेरक कमी,
धास्तीचं जास्त.
"सगळ्यांत नाही हं," मॅडम म्हणतात,
"चौदा नंबरचं बघा, बाप नसून कसं धीट आहे.
आपण सरासरीबद्दल बोलतोय."
मी मान हलवतो.
सरासरी काढता येते मला.

दुसऱ्या खोलीतले दहा बाप
चार-पाच दिवस कापूस पिंजत राहतात,
रिकाम्या कोपऱ्यात घर बांधतात.
मग थांबतात.
त्यांचं रक्त काढणं या प्रयोगात नाही.

माझं घर कोरचीकडे. तीन एसट्या, अकरा तास.
जानेवारीत चार दिवस सुट्टी मिळाली.
सम्यक चौकटीमागे. एकच डोळा दिसतो.
प्रज्ञाशीला म्हणते, "अरे, बाबा आले नं. जा."
त्याला पुढं ढकलते.
मी म्हणतो, राहू दे.
मला ठाऊक आहे, अनोळखीनं आधी हलायचं नसतं.
पेटी त्याची आहे.
धानाच्या पोत्याला टेकून बसून राहतो.

दहा मिनिटं झाली. घड्याळ पाहिलं नाही,
पण सवयीनं कळतं.
तिथं एवढ्यात पिल्लू उचलून घेतात.
इथं कोणी उचललं नाही.
एक कोंबडी आत आली, बाहेर गेली.
चहावर साय धरली.

मग केव्हातरी तो आला,
माझा हात उलटा केला, नाक लावलं.
"उंदराचा वास येते," म्हणाला.
आणि दुसरा हात मागितला.