पाचवा माळा

बिल्डिंगला माळे चार. पाचवा आमच्या घरात आहे,
मोरीच्या वर, साडेतीन फूट उंच,
भाडं न भरता राहणाऱ्या वस्तूंचा.

पाडव्याला आठ दिवस उरले की
मी गाऊन खोचते, नाकाला जुनी ओढणी बांधते,
वरच्या तळेकरांकडून शिडी आणते.
ते म्हणतात, जपून हं, तिसरी पायरी हलते.
दरवर्षी म्हणतात. दरवर्षी हलते.

हेरंब खाली उभा. शिडी धरतो म्हणतो,
खरं तर वस्तू धरून ठेवतो.
मी देते: टीव्हीचा खोका.
टीव्ही केव्हाच गेला.
असू दे, म्हणतो, घर बदललं तर लागेल.
घर बदललं तर!
कन्नमवार नगरात सोफा बदलताना
आम्ही दाराची चौकट काढली होती.

मिक्सरची दोन भांडी, मिक्सर नाही.
श्रीखंडाचे डबे, एकात एक, एकात एक,
सगळ्यात आतल्यात झाकणं,
यातल्या एकाही डब्याला न बसणारी.
सासूबाईंचा पाटा. वरवंटा जावेकडे,
डोंबिवलीला.
वाटणी झाली, वाटण राहिलं.
पाटा मी खाली दिला नाही. सरकवला फक्त,
त्याच्याखालची झुरळं हलवून.

आमच्या पतपेढीतल्या क्षिप्राने सांगितलं होतं,
हवा काढून घ्यायच्या पिशव्या घ्या,
गोधड्या पापडासारख्या होतात.
घेतल्या. झाल्या.
रात्री तीनला पलंगाच्या पोटातून फुस्स.
आम्ही दोघं उठून बसलो.
माझ्या आईच्या सहा लुगड्यांची गोधडी
श्वास घेत होती,
हळूहळू, कुणाला त्रास न देता,
आई घ्यायची तसा.

जीवराजचा काटा खालच्या जिन्यात टांगलेला.
खोका दीड किलो. पंधरा रुपये.
हेरंब गॅलरीतून बघत राहिला
हातगाडी वळेपर्यंत.
मग म्हणाला, चहा टाक.

दुपारी माळा मोकळा झाला.
फिनेलने पुसला तेव्हा भिंतीवर
आमच्याही आधीच्या कुणाचा तरी
पिस्ता रंग निघाला.
मी सहा पारदर्शक डबे आणले होते स्टेशनवरून,
चिठ्ठ्या रात्रीच लिहून ठेवलेल्या:
दिवाळी. पाहुणे. बिलं. औषधं जुनी. औषधं नवी.
सहावी कोरी. काहीतरी राहतंच.

डबे घेऊन वळते तर
वरून दोन पाय लोंबताहेत.
शाल्मली. चौदावं लागलंय.
उशी, भूगोलाची वही, चार्जरची लांब वायर,
आणि गणपतीच्या मखराचा जांभळा पडदा
दोन खिळ्यांवर.

उतर, म्हटलं. हे सामानासाठी आहे.
आई, ती म्हणाली, इथे कुणी नाहीये.
तक्रार नव्हती. सापडल्यासारखं म्हणाली,
पावसाळी चपलेत विसरलेली नोट सापडावी तसं.

आमच्या घरात दारं दोनच,
एक बाहेरचं, एक मोरीचं.
ती बाथरूममध्ये इतका वेळ काय करते
यावर मी किती ओरडले आहे.

आता डबे हॉलमध्ये रांगेत उभे आहेत.
औषधं नवी ओलांडून आम्ही जेवायला बसतो.
हेरंब म्हणतो, बघ, खोका ठेवला असता तर
यातलं निम्मं त्यात गेलं असतं.

रात्री तिला दूध द्यायला चढले.
पडद्यावर टकटक करता येत नाही.
म्हणून फळीवर केलं, बोटाच्या पेराने.
स्वतःच्या घरात मी पहिल्यांदाच
कुणाला तरी विचारून आत जात होते.

थांब, आतून आवाज आला,
दोन मिनिटं.

तिसऱ्या पायरीवर उभी आहे.
हलते आहे.
दुधावर साय धरत चालली आहे,
आणि उद्या सकाळी तळेकर शिडी मागायला येतील.