अनुस्वार

तार्तूत नोव्हेंबरचा सूर्य
साडेतीनलाच शटर ओढतो.
हेल्यूला काय त्याचं! तिच्या खोलीच्या वाट्याला
दिवस मुळात आलेलाच नाही.
एक पिवळट दिवा, सदतीस अंश,
आणि प्राणवायू शंभरात पाच,
कारण आईच्या आतल्या अंधारात
तेवढाच असतो, म्हणतात.

तेलाखाली थेंब.
थेंबात काल दोन पेशी होत्या, आज चार.
मोहरीचं काय घेऊन बसलात,
मोहरीच्या मनात आलेला विचारसुद्धा
याहून ढोबळ असेल.

थेंब कारखान्यातून येतो.
साखर किती, मीठ किती, कुठली आम्लं,
सगळी कृती कंपनीच्या तिजोरीत.
हेल्यूची आई कोबी आंबवायची
तेव्हा मीठ मुठीनं घ्यायची,
आणि निदान मूठ तरी दिसायची.

अक्षरं बदलत नाहीत,
हेल्यू दर सप्टेंबरात विद्यार्थ्यांना सांगते.
बदलतात ती डोक्यावरची टिंबं.
त्यांच्या भाषेतही आहेत तशी, स्वरांवर, जोडीजोडीनं.
आपल्यात एकच पुरतं:
पुसलं की वंशाचा वश होतो,
चुकून पडलं की खताची खंत.

आपल्याकडे पाचव्या रात्री
पाटावर कोरा कागद ठेवतात, शेजारी लेखणी,
सटवाई येईल, लिहील.
इथे पाचवा दिवस जन्माच्या कितीतरी आधी उजाडतो
आणि कागद कोरा नसतो.
तो कोरा केला जातो.
आतूनच एक ओलं फडकं फिरतं,
बापाची टिंबं भराभर जातात, आईची सावकाश,
फक्त काही सह्या तेवढ्या राहू द्यायच्या असतात:
ही ओळ आईची वाचा, ही बापाची.
फडक्याला ते कळतं.
बहुतेक वेळा कळतं.

काइदी आली त्या दिवशी बर्फ नव्हता, नुसता चिखल.
कडेवर उकू, तीन वर्षांचा,
उजवा पाय डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटर लांब,
डाव्या बुटाला जाड तळवा,
आणि जीभ, तोंडात न मावणारी,
बाहेर येऊन हवा चाखत बसलेली.
काइदीनं टेबलावर जांभळ्या बेरींच्या मुरंब्याची बाटली ठेवली.
भांडायला आली नव्हती.
म्हणाली, मला फक्त विचारायचंय,
त्या थेंबात काय होतं?

हेल्यूनं वही काढली. खेप सापडली.
त्याच खेपेतून एकोणीस मुलं,
अठरा जणांची जीभ जिथल्या तिथे.
काय सांगणार?
आईच्या सहीवरचं एक टिंब पुसलं गेलंय, एवढं दिसतं.
पुसलं कोणी, ते दिसत नाही.
थेंबानं? सुयांनी? की त्याच कशानं तरी
ज्यामुळे सात वर्षं तुमचं घर रिकामं होतं?
बिनथेंबाच्या मुलांतही होतं असं, क्वचित.
थेंबाच्या मुलांत थोडं अधिक, तरी क्वचितच.
क्वचित.
हा शब्द तिनं दोनदा उच्चारला
आणि दोन्हीदा उकूकडे पाहायचं टाळलं.

काइदी म्हणाली, म्हणजे माझीच सही होती ती.
होय.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली एमायोगी वाहत होती,
त्या नावात त्यांच्या भाषेत आई आहे,
आपल्या कानालाही माय ऐकू येतेच.

उकू तोवर खिडकीशी.
गार काचेला त्यानं जीभ लावली, पूर्ण,
काढली, पाहिलं,
पुन्हा लावली. हसला.

ती दोघं गेल्यावर हेल्यूनं फडकं घेतलं.
काच पुसायची सवय, हातालाच लागलेली:
वरून खाली, डावीकडून उजवीकडे,
मग त्या ओल्या ठशापाशी हात
वळसा घालून गेला.

आत, तेलाखाली, कुणाचे तरी चार
आता आठ व्हायला निघाले होते.
तिनं दार उघडलं,
मनात तीनपर्यंत मोजलं,
आणि नेहमीपेक्षा लवकर
लावून घेतलं.