टिंबाटिंबांची अक्षरं

जहाज मुरगावला सकाळी सातला लागलं,
सायंकाळी साडेपाचला सुटणार.
मध्ये चोर्ल्याचा घाट, जाताना तीन तास, येताना तीन.
बेळगावात उरतं किती,
ते मी तिला बोटांवर मोजून दाखवलं.
नाव ओर्नेला. वय माझ्या आईएवढं.
मांडीवर कापडी पिशवी, डिकीत ठेवू देईना.

घाटात दोनदा गाडी थांबवली.
ओकली, तोंड धुतलं, म्हणाली, चला.

किल्ला बघितला. खंदकात शेवाळ,
काठावर एक पोरगा गळ टाकून बसलेला.
कमल बस्तीच्या छताखाली ती मान वर करून उभी,
मी घड्याळाकडे मान खाली घालून.
मग पलटणीचं ठाणं. रविवार.
फाटकावरचा जवान, ओठावर नुकती मिशी :
"परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, मामा."
जाळीतूनच बघितले तिने
चुना मारलेले दगड, आणि लांब, कोरलेली नावं.
तेवढ्या अंतरावरून नावं नव्हतीच ती,
नुसत्या ओळी.

मग बॉनेटवर पिशवी उघडली.
पितळी तांब्या. एका बाजूने चेपलेला.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मावलं तेवढं हे :
लढाईचं वर्ष, बर्फ, नदीपलीकडे जर्मन.
स्वयंपाकघरात सात शिपाई, चुलीपाशी दाटीवाटीने.
त्यातल्या एकाने तिच्या आईला, नऊ वर्षांची होती ती,
ह्या तांब्यात दूध तापवून दिलं.
पहाटे सातही जण नदीकडे गेले.
तांब्या राहिला.
आईने पुढे जन्मभर त्यात बटणं ठेवली.

"इथे काय लिहिलंय?"

मी तांब्या उन्हात फिरवला.
आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर घालतात तशी
टिंबाटिंबांची अक्षरं :
चि. सट्टुप्पा यास मावशीकडून. मु. बिजगर्णी.

बिजगर्णी.
आमच्या परतीच्याच रस्त्यावर फाटा.
तिथून आत पंधरा मिनिटं. यायला पंधरा.
आणि मधे पार, कोण सट्टुप्पा, कुणाचा सट्टुप्पा,
एकाचे चार निघणार, चौघांच्या घरी चहा,
आणि एजन्सीचा माणूस सकाळीच म्हणालेला,
जहाज चुकलं तर भरपाई तुझ्याकडून.

"झिजलंय," मी म्हणालो.
"वाचता येत नाही."

ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांपायी
काचा फुटल्या, डांबर फासलं गेलं,
माझा थोरला भाऊ दोन रात्री कोठडीत बसून आला,
त्या गावात, भर उन्हात,
मला माझीच अक्षरं वाचता आली नाहीत.

ती हसली. म्हणाली,
आईसुद्धा म्हणायची, नक्षी असेल नुसती.

कुंद्याचा डबा घेतला तिने. फाटा आला
तेव्हा चमच्याने कुंदा खात होती,
एक चमचा मलाही पुढे केला.
मी गिअर बदलला.

बंदरावर पोचलो साडेपाचला
पन्नास मिनिटं कमी असताना.
पन्नास.

पुढच्या महिन्यात रिकामी गाडी घेऊन गेलो बिजगर्णीला.
डेअरीसमोर कॅन धुणाऱ्याला विचारलं.
"सट्टुप्पा? पिग्मीवाला व्हय?"
नाही, लढाईतला.
"कुठल्या लढाईतला?"
मला नीट सांगता येईना. बर्फ म्हणालो, नदी म्हणालो,
बटणं म्हणालो.
त्याने आतून एका म्हाताऱ्याला हाक मारली.
आडनाव विचारलं. तांब्यावर नव्हतं.
बाईचं तरी? तेही मी विचारलं नव्हतं.
म्हातारा बराच वेळ कॅनमधून ओघळणारं पाणी बघत राहिला.
मग म्हणाला,
आडनाव राहू दे रे,
मावशीचं नाव काय?